टेलर स्विफ्टची नॅशविलमधली पहिली वर्षं (२००४ ते २००८): गायिका की गाणी लिहिणारी?

सुरंगी:

टेलर स्विफ्टचा विषय निघाला की गप्पा दोन मिनिटांत एरास टूरच्या कमाईवर, नाहीतर 'हे गाणं कुठल्या माजी मित्रावर आहे' यावर घसरतात. ते दोन्ही इथे नको, कृपया. मला बोलायचंय ते तिच्या चौदा ते अठरा या वयाबद्दल, ती कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत) गात होती तेव्हाबद्दल. माझं म्हणणं असं की त्या वर्षांत तिची खरी नोकरी गाणी लिहिण्याची होती, गायचं काम त्यामागून आलं. पुढे २०१९ साली मास्टर्सवरून, म्हणजे तिच्या मूळ ध्वनिमुद्रणांच्या मालकीवरून, जे रण पेटलं त्यात ती टिकली तीसुद्धा त्या नोकरीच्या जोरावर.

आधीचं भराभर सांगते. जन्म १३ डिसेंबर १९८९, पेनसिल्व्हेनिया. वडील मेरिल लिंचमध्ये शेअर ब्रोकर, घरची ख्रिसमस ट्रीची शेती, आजी मार्जरी फिनली ऑपेरा गायची. नाव ठेवलं ते गायक जेम्स टेलरवरून. लहानपणी कॅरिओकेच्या स्पर्धा, बाराव्या वर्षी बास्केटबॉलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत, वगैरे. अकराव्या वर्षी आईबरोबर कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशविलला जाऊन डॉली पार्टन आणि डिक्सी चिक्सच्या गाण्यांची कॅरिओकेवर गायलेली सीडी रेकॉर्ड कंपन्यांच्या ऑफिसा-ऑफिसांत वाटून आली. आई गाडीत थांबलेली, पोरगी एकटी आत जाऊन सीडी देतेय. कोणी विचारलं नाही. त्या शहरात बरं गाणारी मुलगी प्रत्येक गल्लीत असते. तिथून परत आल्यावर तिने गिटार धरली आणि स्वतःची गाणी लिहायला लागली.

तेराव्या वर्षी आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने 'डेव्हलपमेंट डील' दिलं. म्हणजे कंपनी थोडे पैसे आणि स्टुडिओचा वेळ देते, वर्षभर तुमच्याकडे बघते, अल्बमचं वचन मात्र देत नाही. २००४ मध्ये सगळं कुटुंब टेनेसी राज्यात, नॅशविलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं. वर्ष संपल्यावर आरसीएचं म्हणणं पडलं की अजून थांबू, अठरा वर्षांची होऊ दे. आणि या चौदा वर्षांच्या मुलीने ते डील सोडलं! कारण तोवर साठलेली गाणी त्या वयाची होती, चार वर्षांनी ती शिळी झाली असती.

आता मुद्द्यावर येते. त्याच सुमारास सोनी/एटीव्ही या पब्लिशरने (म्हणजे गाण्यांच्या रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने) तिला गीतकार म्हणून करारावर घेतलं, त्यांच्याकडची तोवरची सर्वांत लहान. नॅशविलचा म्युझिक रो हा भाग म्हणजे गाण्यांची कचेरी आहे. १६व्या-१७व्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या जुन्या घरांतून पब्लिशरांची ऑफिसं. गीतकार सकाळी दहा-अकराला येतात, दोघं-तिघं एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत एक गाणं उरकतात. याला को-राइट म्हणतात आणि त्याच्या अपॉइंटमेंटा डायरीत लिहिलेल्या असतात. पब्लिशर दरमहा उचल देतो आणि पुढे रॉयल्टीतून वळती करून घेतो.

ही मुलगी शाळा सुटली की तिथे जायची. समोरचा चाळिशी-पन्नाशीतला गीतकार 'आज एका पोरीबरोबर दिवस घालवायचा' असं मनात म्हणणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक बैठकीला पाच ते दहा पक्क्या कल्पना घेऊन जायची, असं तिनेच सांगितलंय. मंगळवार ठरलेला होता लिझ रोझबरोबर. लिझ आईच्या वयाची, या धंद्यात स्वतः तिशीनंतर आलेली. लिझ म्हणते की मी बहुतेक वेळा संपादकाचंच काम केलं, शाळेत त्या दिवशी काय घडलं ते टेलर घेऊन यायची.

चौदाव्या वर्षी आठवड्याला ठरलेल्या दिवशी जाणत्या माणसासमोर बसून ओळ खोडून पुन्हा लिहायची सवय. याला मी शिकवणी म्हणत नाही, नोकरीच म्हणते.

खडूस_काका:

लेख बरा आहे, पण मोठी गोष्ट एका वाक्यात गुंडाळलीत. "कुटुंब हेंडरसनव्हिलला राहायला आलं." अहो ताई, कसं आलं? वडिलांनी मेरिल लिंचच्या नॅशविल ऑफिसात बदली करून घेतली, तळ्याकाठी घर घेतलं. पुढे जिच्याशी करार झाला त्या बिग मशीन या रेकॉर्ड कंपनीत बापाचे स्वतःचे पैसे होते, तीन-चार टक्के हिस्सा. वेट्रेसचं काम करून रात्री गाणी लिहिणाऱ्या शेकडो मुली त्याच शहरात होत्या. त्यांच्या बापाकडे शेअर नव्हते.

शेंगदाणा:

काका आले, आता मजा. बसलोय वाचत.

सुरंगी:

काका, हिस्सा होता हे खरं, आणि मी ते लपवत नाहीये. त्यात तुमच्या बाजूची आणखी एक गोष्ट देते. बरीच वर्षं अशी कथा सांगितली गेली की घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सहज तीन कॉर्ड शिकवले आणि पोरीने त्याच रात्री गाणं लिहिलं. पुढे त्या माणसानेच मुलाखतीत सांगितलं की मला रीतसर पैसे देऊन गिटारच्या शिकवणीला ठेवलं होतं. परीकथेला बाधा येते म्हणून ते मागे पडलं असणार.

पण पैशाने काय मिळालं ते नीट बघू. शिकवणी मिळाली, घर मिळालं, आईचा पूर्ण वेळ मिळाला. आरसीएला मात्र पैशाने अल्बम काढायला लावता आलं नाही आणि सोनी/एटीव्हीने तिला वडिलांसाठी घेतलं नाही. ज्या घरांत पैसा असतो ती बहुतेक घरं तेराव्या वर्षी मिळालेलं मोठ्या कंपनीचं डील सोडू देत नाहीत.

टेनेसीचा_पाहुणा:

मी नॅशविलजवळ ब्रेंटवूडला राहतो, इथून ब्लूबर्ड कॅफे गाडीने पंधरा-वीस मिनिटं. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा 'टेलर स्विफ्टला जिथे शोधलं ते दाखव' म्हणतो आणि तिथे पोचल्यावर हिरमुसतो, कारण हिल्सबरो पाइकवर दुकानांच्या रांगेत एक गाळा आहे, एवढंच. १९८२ पासूनचा. आत नव्वदेक माणसं बसतात. गीतकार मधोमध गोल करून बसतात आणि आळीपाळीने आपलं गाणं म्हणतात, प्रेक्षक त्यांच्या भोवती, काही जण तर गिटारला हात लागेल इतके जवळ. बोललात तर 'शूऽऽ' करून गप्प करतात, ती तिथली प्रसिद्ध रीत आहे. कंट्रीतल्या बड्या गायकाचं, गार्थ ब्रुक्सचं, नशीबही तिथेच उघडलं होतं.

सुरंगीताईंच्या मुद्द्याला यातून दुजोरा मिळतो. ती जागा गायकांची नाहीच, गीतकारांची आहे. आवाज घसरला तरी चालतं, ओळ लंगडी असेल तर नव्वद माणसांना एकदम कळतं. तिथल्याच एका कार्यक्रमात स्कॉट बोर्चेटाने तिला ऐकलं. तो तेव्हा दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीत मोठ्या पदावर होता आणि स्वतःची कंपनी (तीच पुढे बिग मशीन) काढायच्या बेतात होता. तिला सांगितलं ते साधारण असं: मला तुला घ्यायचंय, पण कंपनी अजून उभी नाही. तिने थांबायचं ठरवलं. एका बाजूला सोडलेली आरसीए आणि दुसऱ्या बाजूला ऑफिसही नसलेला माणूस! काका, इथे बापाचा पैसा आला हे खरं, पण बुडायची शक्यताही तेवढीच होती.

जाता जाता: डाउनटाउनला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिच्या नावाचं शिक्षण केंद्र आहे, तिने चाळीस लाख डॉलर दिले होते. शाळेची मुलं तिथे येऊन गाणी लिहायला शिकतात.

जुना_तबलजी:

नॅशविलला लहान मुली नवीन नव्हत्या. टान्या टकर १९७२ मध्ये तेरा वर्षांची असताना 'डेल्टा डॉन'ने गाजली. लीअ‍ॅन राइम्स १९९६ मध्ये तेराव्या वर्षी 'ब्लू' घेऊन आली आणि चौदाव्या वर्षी ग्रॅमी घेऊन गेली. टेलर तिचीच मोठी चाहती. पण या दोघी मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या आवाजात गायच्या, आणि लोकांना कौतुक त्याचंच: एवढ्याशा पोरीत हा आवाज! असलं कौतुक वय वाढलं की ओसरतं. टेलरचा आवाज तसा कधीच नव्हता, स्पष्टच सांगतो. तिने पंधरा वर्षांच्या मुलीचं जग पंधरा वर्षांच्या मुलीच्या शब्दांत मांडलं आणि हे कंट्रीत त्याआधी कोणी फारसं केलं नव्हतं. कंट्री ऐकणार कोण, तर पस्तिशीच्या गृहिणी, असं कंपन्या तिला तोंडावर सांगत.

आपल्या भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. म्युझिक रोवरही तीच वाटणी होती बरं का. गीतकार खोलीत, गायक स्टेजवर. ही मुलगी खोलीतल्या बाजूने शिरली.

शेंगदाणा:

एक बेसिक प्रश्न. मास्टर्स आणि पब्लिशिंग हे दोन वेगळे प्रकार आहेत ना? सगळे गृहीत धरून बोलतायत, कोणीतरी समजावा की.

हिशोबी:

समजावतो, माझा आवडता विषय.

एका गाण्याच्या दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची आणि त्याच्या पब्लिशरची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. ते बहुधा रेकॉर्ड कंपनीचं. बिग मशीनच्या करारात मास्टर्स कंपनीचे होते, त्या काळी नवख्या कलाकाराला हेच मिळायचं.

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त रचनेला मिळतात. गायकाला आणि मास्टरच्या मालकाला दमडी नाही. आणि २००६ मध्ये कंट्रीचा सगळा धंदा रेडिओवर चालत होता. म्हणजे दुसऱ्याची गाणी गाणारा कंट्री गायक रेडिओवर दिवसभर वाजला तरी त्यातून त्याला काहीच नाही, त्याने दौरे करून कमवायचं.

दुसरं, सीडी विकली की प्रत्येक गाण्यामागे रचनेला कायद्याने ठरलेला दर, तेव्हा ९.१ सेंट. (करारात कंपन्या तो बऱ्याचदा पाऊणपट करून घेतात, ते वेगळं.) तिच्या पहिल्या अल्बमवर, २४ ऑक्टोबर २००६, अकरा गाणी आहेत आणि अकराही गाण्यांवर लेखिका म्हणून तिचं नाव आहे. तीन एकटीची, सात लिझ रोझच्या साथीने. तो अल्बम एकट्या अमेरिकेत सात वेळा प्लॅटिनम (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती) झालाय. कागद-पेन्सिल घ्या.

म्हणून 'आवर साँग' मला महत्त्वाचं वाटतं. शाळेच्या टॅलेंट शोसाठी नववीत लिहिलेलं, एकटीने. डिसेंबर २००७ मध्ये, तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास, ते कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं आणि सहा आठवडे राहिलं. एकट्याने लिहून स्वतः गायलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर नेणारी ती सर्वांत लहान ठरली. गीतकाराच्या हिश्शात वाटेकरी कोणी नाही.

जुना_तबलजी:

अवांतर: आपल्याकडे लताबाई गायकांना रॉयल्टी हवी म्हणाल्या, रफीसाहेबांचं मत पडलं की मानधन घेतलं, विषय संपला. त्या मतभेदापायी दोघं काही वर्षं एकत्र गायले नव्हते. हा प्रश्न नॅशविलचाच आहे असं नाही.

खडूस_काका:

हिशोब पटला. पण सात गाणी लिझ रोझबरोबर! कोणी काय लिहिलं हे बंद खोलीत कळतं कोणाला? 'संपादक' वगैरे म्हणणं हा विनयही असेल, नाहीतर पुढच्या कामाची सोय. आणि आवाजाचं तबलजींनी कबूल केलंच आहे. २०१० च्या ग्रॅमीत गायिका स्टीव्ही निक्सबरोबर जे काही गायली ते ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. त्याच रात्री विसाव्या वर्षी अल्बम ऑफ द इयर! मला दुसऱ्या दिवशी चहा गोड लागेना.

सुरंगी:

काका, नेमका हाच संशय तेव्हा अमेरिकेतही घेतला गेला. तिने उत्तर काय दिलं? ऑक्टोबर २०१० चा पुढचा अल्बम 'स्पीक नाऊ', त्यातली चौदाही गाणी एकटीने लिहिली. सहलेखक नाहीच. पहिल्याच आठवड्यात दहा लाखांवर खपला.

सुराबद्दल मी वाद घालत नाही. ती रात्र वाईटच होती.

रानवारा:

धागा अगदी कायदेशीर झालाय म्हणून थोडी गंमत टाकते. २००६ मधली त्यांची विक्रीव्यवस्था बघा. पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं काढलेलं गाणं, 'टिम मॅकग्रॉ', जूनमध्ये आलं. बिग मशीनमध्ये माणसं मोजकी, म्हणून टेलर आणि घरचे जमिनीवर बसून सीड्या पाकिटांत भरत होते, एकेका रेडिओ स्टेशनला पाठवायला. मग रेडिओ टूर. म्हणजे गावोगावच्या स्टेशनात जायचं, कॉन्फरन्स रूममध्ये चार माणसांसमोर गिटारवर गायचं, हात मिळवायचे, पुढचं गाव. बाकी कलाकार हे सहा आठवडे करतात, मी सहा महिने केलं, असं तिने सांगितलंय. आई गाडी चालवतेय आणि ही मागे झोपतेय. मधल्या वेळात मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर एकेका चाहतीला उत्तरं. कंपन्यांना रेडिओवर पस्तिशीची गृहिणी दिसत होती, तिची मुलगी मायस्पेसवर बसली होती. टेलर तिथे आधीपासून होती.

गाण्याचं नावच एका मोठ्या गायकाचं ठेवणं हीसुद्धा शक्कलच. गणिताच्या तासाला सुचलेलं गाणं. सुट्टीनंतर दूर जाणाऱ्या मुलाने टिम मॅकग्रॉचं गाणं ऐकलं की माझी आठवण काढावी, एवढाच विषय. पण आता रेडिओवाल्याला नाव उच्चारल्यावाचून गत्यंतर नाही, आणि श्रोत्याला नवख्या मुलीबरोबर ओळखीचं नाव ऐकू येतं. कंट्रीच्या यादीत सहावं आलं. मे २००७ मध्ये लास व्हेगासला कंट्रीच्या एसीएम पुरस्कारांत ती हेच गाणं गात गात थेट पहिल्या रांगेत टिम मॅकग्रॉसमोर गेली आणि शेवटी हात पुढे करून 'हाय, मी टेलर' असं म्हणाली. सगळं सभागृह हसतंय. त्याच वर्षी त्याच्या आणि त्याची बायको, गायिका फेथ हिलच्या दौऱ्यात तिने गायलंसुद्धा.

आणि एरिक चर्चचा किस्सा माहितेय का? ऑक्टोबर २००६, रास्कल फ्लॅट्स या कंट्री बँडचा दौरा. एरिक चर्च हा गायक त्यांच्या आधी गायचा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त गायचा, न्यूयॉर्कला फारच लांबवलं म्हणून त्याला काढलं. जागी हिला घेतलं. तो गमतीत म्हणाला, तुझी पहिली गोल्ड रेकॉर्ड (पाच लाख प्रती खपल्या की मिळते ती) मला दे. तिने खरंच पाठवली, सोबत चिठ्ठी: जास्त वेळ आणि जास्त जोरात वाजवल्याबद्दल आभार. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा हा टोमणा मला तिच्या निम्म्या गाण्यांपेक्षा आवडतो.

शेंगदाणा:

हाहा, एरिक चर्च!! 😂 बरं, मी तिला '१९८९' या अल्बमपासून ऐकतोय, जुनं काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू? आणि त्यात कंट्री म्हणजे नेमकं काय आहे, बॅन्जो?

सुरंगी:

बॅन्जो आहे, फिडल आहे, स्टील गिटार आहे. निर्माता नेथन चॅपमन. तो आधी पब्लिशिंग ऑफिसच्या मागच्या छोट्या शेडमध्ये तिचे डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणं, करायचा, पूर्ण अल्बम त्याने कधीच केला नव्हता. मोठे निर्माते आजमावून झाले, पण डेमोतला ताजेपणा त्यांना साधेना, म्हणून तिने हट्टाने त्यालाच आणलं.

पण कंट्रीपणा वाद्यांपेक्षा बांधणीत शोध. म्युझिक रोवर एक जुना डाव आहे. ध्रुवपद तेच ठेवायचं, पण कडव्यांतून गोष्ट अशी पुढे न्यायची की तिसऱ्यांदा येताना त्याचा अर्थ बदललेला असतो. 'आवर साँग' ऐक. सुरुवातीला 'आपलं गाणं' असं काही नसतंच, दोघांच्या आयुष्यातले आवाज मिळून ते होतं, आणि शेवटी ती कागद-पेन घेऊन ते लिहून काढते, म्हणजे तू ऐकत होतास तेच. नववीतल्या मुलीने केलंय हे. 'मेरीज साँग' शेजारच्या एका म्हाताऱ्या जोडप्यावरून सुचलेलं. सात आणि नऊ वर्षांची मुलं, शेवटी सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद. वयाचे आकडे बदलत जातात, तेवढ्यावर अख्खा संसार. मग २००८ च्या 'फियरलेस'मधलं 'लव्ह स्टोरी', तिथे शेवटच्या ध्रुवपदात बोलणारा माणूसच बदलतो. ते खोलीच्या जमिनीवर बसून वीसेक मिनिटांत लिहिलं असं ती सांगते. मी विश्वास ठेवते, कारण आधी चार वर्षं मंगळवार भरले होते.

या क्रमानेच ऐक. पहिल्या अल्बममधलं 'टिअरड्रॉप्स ऑन माय गिटार' पॉपमध्येही गाजलं, पण मला ते यांत कच्चं वाटतं.

मधुमालती:

'टिअरड्रॉप्स' कच्चं??? निषेध. +१ फक्त 'मेरीज साँग'ला.

टेनेसीचा_पाहुणा:

हिशोबी, २०१९ चं राहिलं की. शीर्षकात नसलं तरी सुरंगीताईंनी पहिल्याच परिच्छेदात ठिणगी टाकलीय.

हिशोबी:

थोडक्यात. २०१९ मध्ये बोर्चेटाने बिग मशीन ही कंपनी संगीत-व्यवस्थापक स्कूटर ब्रॉनला विकली, साधारण तीस कोटी डॉलरला, आणि तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर्स त्यात गेले. (काका, तुमच्या त्या हिश्शामुळे विक्रीत वडिलांनाही पैसे मिळाले. हे तुम्हाला बक्षीस.) पुढच्या वर्षी ते मास्टर्स आणखी एका गुंतवणूक कंपनीकडे गेले. तिच्याकडे उरलं काय? रचना. सिनेमात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर मास्टरच्या मालकाची आणि रचनाकाराची, दोघांचीही परवानगी लागते. तिने रचनाकार म्हणून नकार दिला की जुन्या मास्टरचा तो बाजार बंद. शिवाय करारात अशी सोय होती की नोव्हेंबर २०२० पासून पहिले पाच अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित करता येतील. गाणी तिचीच, गायिका तीच. 'फियरलेस' एप्रिल २०२१ मध्ये नव्याने आला. मे २०२५ मध्ये तिने जुने मास्टर्सही विकत घेतले आणि जाता जाता सांगितलं की पहिला अल्बमही पूर्ण गाऊन तयार ठेवलाय.

दुसऱ्यांची गाणी गाणारी असती तर हे काही जमलं नसतं. इथे सुरंगी यांच्या मूळ मुद्द्याशी शंभर टक्के सहमत.

खडूस_काका:

बापाचा मुद्दा मी सोडत नाही. पण 'आवर साँग' आत्ता ऐकलं. शेवट चांगला केलाय पोरीने. सुरात आहे, हेही नमूद करतो.

हिशोबी, तो ९.१ सेंटचा दर अजून तोच आहे का?

हिशोबी:

नाही काका. २००६ पासून कितीतरी वर्षं तसाच अडकून पडला होता. २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि त्यानंतर दरवर्षी महागाईप्रमाणे थोडा वाढतो, २०२५ ला १२.७. फक्त आता सीडी घेतंय कोण?